पोपटी फेट्यांचे पाच

मुलाने हौसेने आणलेला खेळ. हौस दोन महिन्यांत फिटली आणि प्लॅस्टिकचे चाळीस शिपाई, बोटाएवढे, कपाटात पडून राहिले. मी नुकतीच निवृत्त झालेले, टीव्हीचा वीट आलेला. बसले रंगवायला. मग नियमांचं पुस्तक वाचून काढलं आणि एका रविवारी सकाळी कसबा पेठेतल्या हॉलवर जाऊन धडकले. तिथे हा टेबलावरच्या लढाईचा खेळ खेळणारे जमतात.

सगळी पोरं पंचविशी-तिशीतली. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि खेळात सवलतही दिली. माझे फासे वाईट पडले की लगेच, "काकू, परत टाका ना, चिल!" अहो, चिल काय चिल! मी सरकारी ऑफिसात बत्तीस वर्षं माणसं हाकली, आणि इथे मी लिंबूटिंबू. चार रविवार खेळले, चारही हरले. हरल्याचं काही नाही हो. पण यांच्यापैकी एकाने तरी मला खरीखुरी प्रतिस्पर्धी समजावं, एवढ्यासाठी मी हट्टाला पेटले.

घरी वही घेऊन बसले. टेबलावर सहा खुणा असतात; ज्याचे शिपाई खुणेपाशी, त्याला गुण. माझ्या तुकड्या चार, दहा-दहाच्या. दहाच का? तर खोक्यात दहा आले म्हणून! वर प्रत्येक खोक्याला मी एकेका रंगाचे फेटे चढवलेले. आमच्या पिढीत कपबशांचा सेट फोडत नाहीत, तिथे शिपायांचा कोण फोडणार? आणि तुकडीतल्यांनी एकमेकांपासून लांब जायचं नाही, असा नियम. त्यामुळे दोघं खुणेपाशी उभे, मागे आठ जण नुसते बघतायत. थेट आमचं ऑफिस.

पाचव्या रविवारी सगळ्यांचे पाच-पाच केले. पळाले भराभर, सहाही खुणा गाठल्या. पण पाचातले दोन पडले की उरलेले तिघं घाबरून धूम ठोकतात, हेही नियमातच आहे. दुसऱ्या फेरीतच माझं मैदान साफ. समोरचा म्हणाला, "काकू, मस्त ट्राय केलंत." डोकंच फिरलं माझं.

मग अक्कल आली. मार खायचा तिथे दहा हवेत, धावायचं तिथे पाच. मधोमध दहाच्या दोन तुकड्या ठेवल्या, चार कोपऱ्यांना पाच-पाचाच्या चार. सारख्या रंगाचे दोन गट टेबलावर ओळखू येईनात, म्हणून पाच जांभळे फेटे पोपटी केले आणि पाच लाल फेटे पांढरे. ते जांभळे इतके सुरेख जमले होते, अगदी जिवावर आलं.

सहाव्या रविवारी समोर खराडीच्या कंपनीतला दाढीवाला, सवलती देण्यात सगळ्यांत उदार. पहिल्या फेरीत तो मोबाइल बघत खेळत होता. तिसऱ्या फेरीत मोबाइल खिशात गेला. चौथीत त्याचा चहा गार झाला.

शेवटच्या फेरीला गुण सारखे. पोपटी पाच शेवटच्या खुणेपासून दोन बोटांवर. आणि मी काय केलं? उत्साहाच्या भरात आधी गोळीबार करून बसले. गोळी झाडली की त्या फेरीत हलता येत नाही.

"अगंबाई, यांना हलवायचंच राहिलं की!" म्हणत मी हात पुढे केला.

त्याने माझ्या शिपायांवर हात आडवा धरला. "नाही काकू. झाली तुमची चाल."

बाजूच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "अरे, काकू आहेत, जाऊ दे की!"

"काकू असतील," दाढीवाला म्हणाला, "आत्ता मी हरेन ना!"

मी हात मागे घेतला. त्याने फासे उचलले, ओंजळीत चांगले खुळखुळवले आणि मगच टाकले. एका गुणाने हरले मी, आणि इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्काराला झाला नव्हता.