उम्म सईदची घोटभर कॉफी

उम्म सईद माणसाला चेहऱ्याआधी पावलांवरून ओळखायची. आमची ओळखसुद्धा माझ्या एका चोरीतूनच झाली. इथं जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला बर्फ तसा क्वचितच पडतो, पण त्या सकाळी अंगणभर पडला होता. मी बेकरीतून परत येत होते. मागच्या अंगणातल्या बैठ्या घराच्या दारात काळा अबाया घातलेली माझ्याच वयाची एक बाई उभी होती. तिनं आधी बर्फाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चक्क हिंदीत म्हणाली, "सायकल के पीछे खड़ा रहा, खाया, फिर इधर आया. यह वाला घुटना दुखता है."

गुडघा दुखतोच. आणि केकही खाल्ला होता, मला मधुमेह असताना, सायकलींच्या आडोशाला, सून खिडकीतून बघेल म्हणून. सुनेला जे वर्षभरात कळलं नाही ते या बाईला माझ्या बुटांच्या ठशांवरून कळलं. मी तिथेच ठरवलं, हिच्याशी मैत्री केलेली बरी.

ती अमिरातीतली. नवऱ्याच्या हृदयाच्या उपचारांसाठी मुलगा सईद दोघांना इथं घेऊन आला होता. सईदची आई म्हणून ती उम्म सईद, आणि त्याच न्यायानं दुसऱ्या दिवसापासून मी उम्म निखिल. हिंदी ती घरच्या हैदराबादी स्वयंपाक्याकडून शिकलेली, मी सिनेमातून. व्याकरण दोघींनाही लागू नव्हतं. लहानपणी वाळवंटात भरकटलेले उंट शोधायला ती वडिलांबरोबर जायची. "बाबा रेत देखके बोलता, किसका ऊँट है, पेट में बच्चा है कि नहीं," असं ती सांगायची. मी म्हटलं, माझ्या पोटात काय आहे ते तर तू ओळखलंसच.

तिचं दार नेहमी किलकिलं असायचं, फटीत एक चप्पल अडकवलेली. इमारतीची देखभाल करणारा हाऊसमाइस्टर येऊन चप्पल काढायचा, हीटिंगवर व्याख्यान द्यायचा, दार लावायचा. तो वळला की चप्पल परत जागेवर. "दरवाजा बंद, तो मेहमान किधर जाएगा?" एवढंच तिचं म्हणणं. वाळवंटात लांबून चालत आलेल्याला आधी सावली आणि पाणी द्यायचं, कोण, कुठला, कशाला आलास हे तीन दिवस विचारायचं नाही, अशी तिच्या घरची रीत. मलाही तिनं काही विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही म्हणा. पहिल्या अर्ध्या तासातच मी तिला नगरचं घर, माझं बाळंतपण आणि सुनेच्या माहेरची माणसं असं सगळं सांगून टाकलं होतं.

पण एक गोष्ट मला खटकली. ती कॉफी द्यायची, वेलदोडा-केशर घातलेली, लांब चोचीच्या किटलीतून, आणि तीही वाटीएवढ्या बिनकानाच्या प्याल्यात घोटभर. मला वाटलं, एवढे पैसेवाले लोक आणि हात इतका आखडता. बरं, संपली की पुन्हा घोटभर. मी नको नको म्हणत पीत राहिले, ती ओतत राहिली. शेवटी सईदला माझी दया आली. पुरे झालं की प्याला हलवून परत द्यायचा असतो, नाहीतर आई ओततच राहणार, असं त्यानं सांगितलं. त्या रात्री मी टक्क जागी होते.

आपला पाहुणचार काय असतो ते हिला एकदा दाखवायचं, असं मी मनात धरलं. तिच्याचकडून मसाला मागून घेतला, कॉफी केली, आणि ती आली तेव्हा नात ईराच्या सगळ्यात मोठ्या मगमध्ये काठोकाठ ओतली. थेंब सांडला तेव्हाच थांबले. उम्म सईद मगकडे बघत राहिली. मी नेहमीप्रमाणे बोलत होते, बहुधा पापडांबद्दल. तिनं घटाघटा सगळी कॉफी प्यायली, उठली आणि गेली.

त्यानंतर ती आलीच नाही. दिवसभर मुलगा-सून ऑफिसात. ईराला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, तेही फोनमधून मान वर न काढता. उम्म सईद नाही म्हणजे मला बोलायला या गावात कुणीच नाही. बर्फ पुन्हा पडला तेव्हा राहवेना. तिच्या दारापर्यंत गेले. फटीत चप्पल होती. पण मी म्हटलं, मी का म्हणून? फिरले. दुपारी परत गेले, परत फिरले. सून म्हणाली, "अहो आई, मेसेज करा ना." मी म्हटलं, मला काही अडलेलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. किटली घेऊन उम्म सईद दारात. "दो बार आया, वापस गया," ती म्हणाली. "मेहमान दरवाजे से वापस जाए, यह मेरा शरम है."

"तूच रागावून गेलीस ना?"

"तुम बोला जाओ, हम गया."

"मी कधी म्हटलं?"

"मुँह से नहीं. प्याले से."

मग तिनं समजावलं. घोटभर ओतायचं म्हणजे बसून राहा, अजून ओतायचंय, घाई नाही. ही कॉफी काठोकाठ भरायची म्हणजे पी आणि निघ. मी तर मगच भरला होता. मी कपाळावर हात मारला. तिनं तो हात धरला. "मालूम था, तुम्हारा मुल्क दूसरा. पर उस दिन डॉक्टर ऑपरेशन बोला था. हम तुमको बोलने आया था."

आणि मी पापडांवर बोलत होते. त्या संध्याकाळी मी प्रथमच गप्प बसले. सून दोनदा डोकावून गेली, आईंना बरं नाही की काय म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. ती हॉस्पिटलातून यायची, मी घोटभर ओतायचे, ती बोलायची. झाडांना पालवी फुटली आणि त्यांचं जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी टॅक्सीत नवरा, सईद, बॅगा, सगळं बसलेलं असताना ती माझ्याकडे आली. मी शहाण्यासारखी घोटभर ओतली. तिनं प्यायली, प्याला पुढे केला. पुन्हा घोटभर. खालून हॉर्न वाजला.

"आज पूरा भरो, उम्म निखिल," ती म्हणाली.

भरली काठोकाठ. थोडी टेबलक्लॉथवरही सांडली, सून अजून तो डाग घासते. उम्म सईदनं सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि प्याला माझ्या हातात दिला. हलवला मात्र नाही.

किटलीत अजून कॉफी होती. मी ओतायला वळले, तोवर ती जिना उतरली होती.