रोज आठ वाजता अस्मिता

नेरूळच्या दिलीप पेडणेकरांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्यांच्या हॉलमध्ये, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, एक गेम सर्व्हर चोवीस तास घरघरत असायचा. सर्व्हर कसला, लेकीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर! ठोकळे रचून गाव बांधायचा खेळ त्यावर चालायचा आणि अस्मिताच्या पाच-सहा मैत्रिणी आपापल्या घरून त्यात यायच्या. बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा ती बजावून गेली, "बाबा, हा बंद करू नका हं."

त्यानंतर चार महिन्यांत अस्मिताची आई, सुचित्राबाई, गेल्या. दिलीपराव रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. कसला खंबीर! आत काही हलतच नव्हतं. चहात साखर आहे की नाही, हेही त्यांना कळेनासं झालं होतं.

खरी पंचाईत वेगळीच होती. या घरात लेकीला फोन आई करायची. बाबा पेपरात डोकं घालून मागून विचारायचे, "बरी आहे ना?" आणि आई ते फोनवर सांगायची. आता मधलं माणूसच नाही म्हटल्यावर विचारणार कोण? ते नंबर काढायचे, काय बोलावं सुचायचं नाही, फोन ठेवून द्यायचे. तिचाही सणासुदीला मेसेज, तेवढाच.

मग एकदा धूळ पुसताना त्यांनी स्क्रीन लावला. खेळात कोणी शिरलं की त्यावर नाव यायचं. ओळ उमटली : अस्मिता आली. आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशीही आठलाच. चला, पोरगी ऑफिसातून सुखरूप घरी पोचली! तेव्हापासून रोज ती ओळ बघायची आणि मगच पान वाढून घ्यायचं. वीज गेली तरी सर्व्हर चालू राहावा म्हणून या चिकट माणसानं इन्व्हर्टरसुद्धा बसवला.

ऑक्टोबरात ओळ येईनाशी झाली. पहिल्या दिवशी ते वाट बघत बसले आणि न जेवताच झोपले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिरवण्याच्या भगवानला बोलावलं. बिल्डिंगमधल्या नेटचं काम तोच बघायचा.

"काका, लाइन मस्त हाय," भगवान म्हणाला. "कंपनीनं शिस्टम बदलली. आता आख्ख्या बिल्डिंगला मिलून नेटवरचा येकच पत्ता. तुमी भायेर जाल, पन भायेरचा मानूस तुमच्या कॉम्प्युटरात येनार नाय. सोताचा पत्ता पायजे तर अर्ज करा."

"आणि मुलीला नवा पत्ता कळणार कसा?"

"फोन करा की! त्यात काय?"

त्यात काय! त्याचं काय जातंय सांगायला. दिलीपरावांनी अर्ज केला. चार दिवसांनी पत्ता मिळाला, नुसती आकड्यांची रांग. ती त्यांनी अस्मिताला मेसेज केली, सोबत एक शब्द नाही. तिनं वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, ओळ मात्र आली नाही. पोरीला काही झालं तर नसेल? रविवारी सकाळी त्यांनी शेवटी फोन लावलाच.

"बाबा?" ती घाबरलीच. "काय झालं?"

"काही नाही. सर्व्हरचा नंबर पाठवला होता. तू आली नाहीस आठ वाजता."

"तो नंबर सर्व्हरचा होता? मला वाटलं, चुकून काहीतरी आलं. बाबा, मी खेळतच नाही आता. माझं अकाउंट क्षिप्राला देऊन टाकलं, माझ्या रूममेटला. वर्ष झालं."

दिलीपरावांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बसून बसून पाय बधिर होतो तसं झालं सगळं. "बरं," ते म्हणाले. "मला वाटायचं, तू घरी पोचलीस."

पलीकडून अस्मिता म्हणाली, "जूनमध्ये मी बारा दिवस हॉस्पिटलात होते, बाबा. डेंग्यू झाला होता."

जूनमध्ये ओळ एक दिवसही चुकली नव्हती; येत होती ती क्षिप्रा. म्हणजे ते बाराही दिवस दिलीपराव पोटभर जेवले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या छातीत दुखलं, आणि चांगलंच दुखलं.

"सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

"आता कशी आहेस?" त्यांनी विचारलं.

"आता ऑक्टोबर आहे, बाबा," अस्मिता म्हणाली.