न पडता मोडलेला मणका

दुर्गजवळच्या आमच्या पोलाद कारखान्याच्या गावात, पावर हाउसच्या बाजारात, औषधाच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी फिजिओथेरपीची खोली आहे. कंबर धरून येणाऱ्या माणसाला आधी अठरा पायऱ्या चढाव्या लागतात. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक आजी सुनेचा खांदा धरून त्या पायऱ्या चढून आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या. नवरा पोलादाच्या प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला. त्या स्वतः तरुणपणी तिथेच ठेकेदाराकडे रेजा, म्हणजे मजूर, होत्या, डोक्यावर विटा वाहायच्या. आजी मूळच्या विदर्भातल्या; माझे आईवडीलही तिथूनच इकडे आले, त्यामुळे त्यांचं बोलणं कानावर पडताच मला बरं वाटलं होतं. त्यांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

त्यांच्या हातात हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. मणक्यांची झीज, ट्रॅक्शन दहा दिवस. सोबत समोरून काढलेला एकच एक्स-रे, आणि रिपोर्टात लिहिलेलं, वयोमानानुसार बदल. मी चिठ्ठी वाचली आणि आजींना टेबलावर घ्यायला लागले.

"उताणं नको व पोरी," आजी म्हणाल्या. "मले उताणं झोपता येत नाही."

"आजी, हे मशीन उताणंच लावतात. पाच मिनिटांत सवय होईल."

एक पट्टा छातीला, एक कमरेला, आणि मशीन दोन्हीकडून ओढायला लागतं. दबलेल्या नसेला जागा मिळावी म्हणून ते लावतात. आजींनी टेबलाची कड धरली आणि डोळे मिटले. मशीन थांबल्यावर मी त्यांना व्यायामही दिला, गुडघे पोटाशी घ्यायचा. तिसऱ्या दिवशी त्या कण्हायला लागल्या तेव्हा मी म्हणाले, "थोडं सहन करा ना आजी. सगळ्यांनाच दुखतं सुरुवातीला." मनात म्हणत होते, बाई जरा नाजूक दिसते. आयुष्यभर विटा वाहिलेल्या बाईला मी नाजूक म्हणत होते.

पाचव्या दिवशी पट्टे सोडले तरी आजी उठेनात. उठायला गेल्या आणि ओरडल्या. ते ओरडणं मी त्याआधी फक्त पडून हाड मोडलेल्या माणसांचं ऐकलं होतं.

मी सुनेवर चिडले. "घरी काय करता यांच्याकडून? वजन उचलायला लावता का?"

सून घाबरली नाही. "ताई, आई तं घरी लेटतच नाही. महिना झाला, कुर्सीवर बसून झोपून राहिली. मी डॉक्टरले सांगतलं. तो बोलला, उमर है. एक्स-रेसाठी पण मीच मागे लागली होती."

महिनाभर कुणी खुर्चीत बसून झोपत असेल, तर ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी त्यांना एका कुशीवर वळवून, पाठीमागे उशी देऊन झोपवलं आणि जे पाच दिवसांपूर्वी करायचं ते तेव्हा सुरू केलं.

"आजी, हे दुखणं केव्हा सुरू झालं?"

"दुर्गहून ऑटोत येऊन राहिलो होतो. मी मागं बसली होती. ब्रेकरवर ऑटो उडला न मी धपकन खाली बसली. कमरेत कट झालं. तवापासून."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"त्यानं विचारलं, गिरे थे क्या? मी म्हटलं, नाही. पडली कुठं मी? बसलीच होती."

तिथेच चौकशी संपली होती. पडल्या नाहीत म्हणजे मोडलं नाही. म्हातारपणी हाडं ठिसूळ झाली की मणका मोडायला पडावं लागत नाही; धक्का पुरतो, कधी वाकून उचललेली बादली पुरते. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, त्या डॉक्टरांनाही शिकवलंच असणार.

मी मूठ वळली आणि त्यांच्या पाठीच्या कण्यावरून हलकेच ठोकत खाली आले. कमरेच्या वर एका जागी मूठ टेकली मात्र, आजींनी श्वास रोखून माझं मनगट पकडलं. मग बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. एक बोट कसंबसं मावलं; एरवी दोन-तीन मावतात, मणके दबले की ही जागा कमी होते. उंची कमी झाली का, असं विचारलं तर सूनच बोलली. बाबासाहेबांच्या फोटोला हार आई स्वतः घालायची, आता दोन वर्षांपासून हात पोचत नाही, स्टूल लागतं. हे तिनं पाहिलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

एक्स-रेची खोली शेजारच्याच इमारतीत. आम्ही आजींना खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि मी सोबत गेले. तिथला माणूस म्हणाला, "मागच्या वेळी पण साइडवाला राहिला. कूस बदलायलाच तयार नव्हत्या." मी म्हणाले, "कूस बदलता येत नाही म्हणूनच तो काढायचा असतो." आजींना मी स्वतः धरून वळवलं.

बाजूने काढलेल्या फोटोत सगळं दिसलं. कमरेचा सगळ्यात वरचा मणका पुढून दबून पाचरीसारखा झाला होता. त्याच्या दोन मणके खाली आणखी एक बसका होता, जुना. मी आजींना विचारलं, याआधी कधी अशी कंबर धरली होती का?

"तीन साल झाले असतील. बादली उचलली होती. तवा गॅसची गोळी देल्ली होती."

दुपारी मी फिल्म घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा शेवटचा रुग्ण जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. आत गेल्यावर त्यांनी फिल्मकडे हातही केला नाही.

"मॅडम, डायग्नोसिस हम करेंगे. आप ट्रैक्शन दीजिए."

"सर, मोडलेल्या मणक्याला पाच दिवस ओढलंय मी. तुमच्या चिठ्ठीवर. एकदा बघा तर खरं."

त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. मग पॅडवर एमआरआय लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "इस उम्र में ये सब चलता रहता है."

"चलता रहता है? त्या बाई महिनाभर खुर्चीत झोपतात सर. राहिलेला बाजूचा फोटो तुम्ही मागितला असता तर हे पहिल्या दिवशी दिसलं असतं."

"आवाज़ नीचे."

मी आवाज खाली केला नाही. बाहेरच्या कंपाउंडरनं दार उघडून पाहिलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटी एवढंच म्हणाले की तुमच्या आईला मी असं ओढलं असतं तर? ते उठून आतल्या खोलीत गेले. त्यानंतर त्यांच्याकडून माझ्याकडे एकही रुग्ण आला नाही.

दुर्गच्या दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, वरचा मणका नुकताच मोडलाय, खालचा जुना मोडलेला आहे. आजींना विश्रांती, कमरेचा पट्टा आणि हाडांसाठी इंजेक्शन सुरू झालं. ते इंजेक्शन खालचा मणका मोडला तेव्हाच सुरू व्हायला हवं होतं. सहा आठवड्यांनी दुखणं उतरलं आणि आजी खाटेवर आडव्या होऊन झोपायला लागल्या. पाठीचा बाक मात्र राहिला, तो जाणार नाही.

पाठीच्या स्नायूंचे व्यायाम द्यायला मी त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांना पुन्हा त्या पायऱ्या चढायला सांगायची माझी हिंमत नव्हती. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे बसले आणि म्हणाले, "आजी, माझ्याकडून चुकलं. मला माहीत नव्हतं."

त्या पाच दिवसांत मी त्यांना एकदाही रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"माहीत नव्हतं म्हणू नको," त्या म्हणाल्या. "तू विचारलंच नाही. मी तं पहिल्याच दिवशी सांगून राहिली होती, उताणं झोपता येत नाही. तू मले सहन कर म्हटलं. आयुष्यभर तेच करून राहिली न मी."

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली. सून चहा घेऊन दारात थांबली होती. आजींनी तिला आत बोलावलं, खाटेची कड धरून सावकाश उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता काय करायचं ते सांग. अन् कुठं दुखते ते मी सांगन, तवा हात थांबव."

मी हो म्हटलं. खांदे मागे घ्यायला लावले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बस." मी थांबले.