भीमेच्या मध्यावर थांबणारी मोटार

आमच्या नावेची मोटार बंद पडायची ती नदीच्या मध्यावर. काठाला कधीच नाही. पहिला संशय इथूनच सुरू झाला. यंत्र बिघडायचं तर कुठंही बिघडेल. जागा बघून बिघडत असेल तर त्यामागे माणूस असतो, असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं होतं. मलाही ते तेव्हा पटलं होतं.

अफजलपूरच्या खालच्या अंगाला भीमेच्या एका घाटावर उतारूंची ने-आण करण्याचा ठेका आमच्या घराकडे होता. अलीकडचा काठ मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, पलीकडचा इंग्रजी मुलखात. पावसाळा लागला की बाजाराची, सोयरिकीची, गाणगापूरला निघालेली सगळी माणसं आमच्याच नावेतून जायची. पूल बांधायला आलेला कुणी साहेब परत जाताना आपली मोटार विकून गेला होता, ती सासऱ्यांनी सोलापुरातून उचलली. नावेच्या मागच्या फळीला अडकवायची, खाली पाण्यात पंखा, वर पितळी टाकी. चाकाला दोरी गुंडाळून हिसका दिला की सुरू. आमच्याकडे आली तेव्हाच ती म्हातारी होती.

लढाईचे दिवस होते आणि पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. म्हणून मी शिस्त लावली होती: संध्याकाळी मोटार नावेवरून उतरून घरी यायची, पेट्रोलच्या डब्याशेजारी कोठीत राहायची, सकाळी मोजून पेट्रोल घालूनच बाहेर पडायची. कोठीची किल्ली माझ्या कमरेला.

पहिल्या साली मोटार माझ्या दिरानं चालवली आणि ती तक्रार न करता चालली. मग दीर नोकरीला हैदराबादला गेला आणि मोटार घाटावरच्या जुन्या नावाड्याच्या हातात आली. हा सासऱ्यांच्या वडलांच्या वेळेपासून वल्हं मारत आलेला. घाटावरच, ठेक्याच्या जागेत, त्याची झोपडी. मागं त्याच्या बायकोनं दोडक्याचा मांडव घातलेला. त्याच्या हातात मोटार आली आणि मधोमध थांबायला लागली.

थांबली की उतारू सुरू व्हायचे.

"अण्णा, मोटार हाय का सासुरवाशीण? निम्म्या वाटंत रुसायलीय."

"माहेर कुठलं म्हणायचं हिचं?"

"विलायत. तवर वल्ही काढा."

नावाडी हसायचा. टाकीचं झाकण फिरवून पेट्रोल बघायचा, झाकण परत लावायचा, दोरी ओढायचा आणि मोटार लागायची. दुसऱ्या कुणी नुसती दोरी ओढून हात सोलून घेतले तरी लागायची नाही. त्यानं हात लावला की लागायची. लोक म्हणायचे, हिला तुझाच हात लागतो बघ. त्याला ते आवडायचं, हे मी बघितलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. मोटार थांबली की नाव प्रवाहाबरोबर खाली जायची, आणि खालच्या अंगाला त्याचा भाऊ हरगोल चालवायचा. हरगोल म्हणजे चामडं मढवलेली मोठी गोल टोपली. घाईची माणसं नावेतून सरळ हरगोलात उतरू लागली. सासरे ओट्यावर बसून हे रोज बघत होते. काही बोलत नव्हते, आणि ते बोलत नसले की आम्ही सगळे जपून वागायचो.

मी माझ्या पद्धतीनं एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. पेट्रोलात पाणी असेल म्हणून ते फडक्यातून गाळून दिलं. कोठीला दुसरं कुलूप घातलं. शेवटी सोलापूरहून मिस्त्री बोलावला. त्यानं अंगणात मोटार सुटी केली, घासलेटच्या बोळ्यानं वरपासून खालपर्यंत पुसून काढली, प्लग घासला, नळ्या फुंकल्या आणि पाण्यानं भरलेल्या पिंपात पंखा बुडवून दुपारपर्यंत चालवून दाखवली. एकदाही थांबली नाही.

"यंत्रात खोट नाही," जाताना तो म्हणाला. "खोट असलीच तर चालवणाऱ्यात बघा."

दुसऱ्या दिवशी नावाड्यानं ती नेली आणि ती मधोमध थांबली. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी त्याला ओट्यापाशी उभं केलं.

"कामून बंद पडायलीय?"

"मला काय ठावं, मालक. देवाचं नाव घेऊन सुरू करतो, मधी जाऊन थांबती."

"मिस्त्रीपुढं थांबली न्हाई."

"मिस्त्रीनं पिंपात चालवली. पिंपाला पलीकडचा काठ कुठाय?"

सासरे हसले नाहीत. "भावाचा हरगोल बरा भरायलाय म्हणं."

नावाडी म्हणाला, "त्याचं पोट त्याच्यापाशी, मालक. माझं तुमच्यापाशी हाय."

"आजपासनं नावेवर पाय ठेवायचा न्हाई. दसऱ्याला नवा माणूस येईल. झोपडीत तो राहील."

नावाडी माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, तेल तुम्ही मोजून देता. कधी कमी आलं का?" कमी आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. सासरे म्हणाले, तेलाचा सवालच नाही.

माझे यजमान शिक्षक. दसऱ्याची सुट्टी लागली होती, म्हणून मोटार त्यांच्याकडे आली आणि मुकाट चालू लागली. काठापासून काठापर्यंत एकदाही थांबली नाही. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे. आता पुराव्यात काय कमी होतं? मला मात्र एक गोष्ट खटकत होती. भावाचा हरगोल भरायचा असता तर त्यानं मोटार थांबू दिली असती आणि तशीच ठेवली असती. रोज परत सुरू कशाला केली? सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "हुशार चोर असंच करतो." संशयाला कुठलीही गोष्ट पुरावा म्हणून चालते.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं अंगणात मांडली. नांगराचे फाळ, विळे, तराजू, त्यांच्याच ओळीत मोटार. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, अक्षता, झेंडूचं फूल, नारळ. मग आम्ही नदीवर गेलो. पलीकडच्या गावात नव्या नावाड्याला कबूल करून यायचं होतं, आणि कोठीचे नियम त्याला समजावून सांगायचे म्हणून मीही निघाले. दोरी यजमानांच्या हातात. घाटावरून जाताना जुन्या नावाड्याची बायको मांडवावरून दोडकी तोडत होती. तिनं मान वर केली नाही.

मोटार मधोमध थांबली.

यजमान दोरी ओढत राहिले. सासरे काठाकडे बघत म्हणाले, "त्यानंच काल येऊन काहीतरी केलं."

"आला कुठनं, मामा? दोन्ही किल्ल्या माझ्यापाशी हायत."

पेट्रोल संपलं का बघावं म्हणून मी झाकण फिरवलं. सुस्स करून वारा आत ओढला गेला, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण निघताना होतो तसा आवाज. पेट्रोल निम्म्याच्या वर होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, मोटार लागली. बरंच पुढं जाऊन परत थांबली. परत झाकण फिरवलं, परत सुस्स. या खेपेला मी झाकण लावलंच नाही, हातात धरून बसले. पेट्रोल हिंदकळून लुगड्यावर सांडलं, पण मोटार थांबली नाही.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल थेंबथेंब येतं. वारा आत जायला दुसरं पाडलं की धार लागते. त्या झाकणाला मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक होतं, ते त्यासाठीच. मला ते दिसलं कारण त्याच्यावर हळद-कुंकवाचा गोळा बसला होता आणि त्यात एक अक्षत रुतली होती. केसातल्या आकड्यानं मी ते मोकळं केलं आणि झाकण घट्ट बसवलं. मोटार चालत राहिली.

मग सगळं एकापाठोपाठ सुचलं. नावाडी रोज सकाळी नाव सोडताना तेलात कालवलेलं कुंकू बोटानं झाकणाच्या मधोमध लावायचा. नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लावतात तसं; मोटारीला कपाळ तेवढंच दिसलं असणार. आम्ही सगळ्यांनी ते रोज बघितलं होतं. दीर असलं काही मानायचा नाही, यजमानांना आठवण राहायची नाही, आणि मिस्त्रीनं सगळं घासलेटनं पुसून टाकलं होतं. आदल्या दिवसाचं कुंकू सकाळी पेट्रोल घालताना मीच फडक्यानं पुसून टाकायची. भोक बुजलं की टाकीत कोंडलेला वारा निम्म्या नदीपुरताच पुरायचा, म्हणून थांबायची ती मधोमध. पेट्रोल बघायला झाकण उघडलं की वारा आत जायचा, म्हणून त्याचाच हात लागायचा.

मी सांगितल्यावर सासरे म्हणाले, "म्हणजे त्यानंच केलं."

"व्हय. रोज."

"मग."

"आज आत्याबाईंनी केलं."

पलीकडच्या काठावर नवा माणूस धुतलं धोतर नेसून उभा होता. सासऱ्यांनी त्याला पान दिलं, पाऊसपाण्याचं विचारलं आणि कामाचं न काढताच परत नावेत येऊन बसले.

दसऱ्याला आमच्याकडे सोनं म्हणून शमीची पानं देतात. बन्नी म्हणतात तिला. जुना नावाडी दर साली पहिल्यांदा आमच्या ओट्यावर यायचा. त्या दिवशी आला नाही. सासरे दिवेलागण व्हायच्या बेताला उठले, पानं घेतली आणि मला "चल" म्हणाले. घाटावर तो झोपडीबाहेर बोचकी बांधत होता. सासऱ्यांनी पानं पुढं केली. त्यानं घेतली, पागोट्यात खोवली.

"उद्यापासनं ये."

"येतो, मालक. पण टाकीला हात लावणार न्हाई."

"आता कारण कळलंय की."

"आज कळलंय. उद्या दुसरं कायतरी थांबंल. झाकण तुमच्या घरच्यानं उघडायचं, तेल तुमच्या घरच्यानं घालायचं, चार माणसांदेखत."

झोपडीतून त्याची बायको बोलली, "आणि कुंकू मी नावंला लावते. मोटारीला तुमचं तुम्ही लावा, अक्का."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी येईन म्हणाले. घरची कामं त्याप्रमाणे पुढं-मागं केली. ठेका सुटेपर्यंत रोज सकाळी मी घाटावर जायची, पेट्रोल घालायची, झाकण उजेडाकडे धरून भोक बघायची. तेवढा वेळ तो नदीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून उभा राहायचा. झाकण बसल्याचा आवाज आला की मग वळायचा आणि दोरी हातात घ्यायचा.