बिंदग्यातला कागद

रोजच्या मालिकेचा भाग तीन हातांतून जातो. मुंबईतला कथाकार आठवड्याची गोष्ट चार ओळींत सांगतो, पटकथाकार तिचे प्रसंग पाडतो, आणि त्या प्रसंगांतली माणसे काय बोलतील ते मी नांदेडला, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत बसून लिहिते. मी मूळची कविता लिहिणारी; कवितेने मला शब्द राखून ठेवायला शिकवले होते. मालिकेला ते रोज वीस पाने लागतात. तरी मला घेतले, कारण मालिकेतले गाव मराठवाड्यातले आहे. नुसते लिहून भागत नाही. आमच्या बोलीची चाल बाहेरच्या नटांना कागदावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य मी फोनमध्ये बोलून पाठवते आणि नट ते कानात घालून पाठ करतात. पडद्यावरची नायिका बोलते तेव्हा श्वास कुठे घ्यायचा, हे माझे असते.

त्या मंगळवारी आधी चित्रित करून ठेवलेले शिल्लक भाग संपलेले होते. बुधवारी चित्रित होणार ते गुरुवारी संध्याकाळी साडेसातला दिसणार. प्रसंग असा, की नायिका सासरी न सांगता परीक्षेला बसणार आहे आणि प्रवेशपत्र लपवणार आहे. कुठे?

"कपाट, उशी, देव्हारा, सगळं वापरून झालंय हो, ताई," मालिकेचे काम पाहणारी मुलगी मुंबईहून म्हणाली. "तुमच्याकडचं काहीतरी द्या ना."

"बिंदगं," मी म्हणाले.

येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शेतात आंबील नेतात ते हे मातीचे मडके. चुन्याचे पांढरे आणि कावेचे तांबडे पट्टे अंगावर मिरवत ते वर्षातून एकदा डोक्यावर चढते. एरवी तोंडाला फडके बांधून माळ्यावर गप्प असते. फोनच्या त्या टोकाला दोघेतिघे एकदम "वा" म्हणाले. नायिका मडक्याला काय म्हणते ते मी लिहिले, बोलून पाठवले: "येळवशीपस्तोर तुला कुणी हात लावत न्हाई. मलाबी तेवढंच पायजे."

वाक्य माझे नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीचे होते. उदगीरजवळच्या गावात, शेती करणाऱ्या घरात तिला दिले आहे. पूर्वी एकदा तिने नोकरीच्या परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हा सासूने तो चुलीत घातला. या वेळी तिने चोरून भरला. प्रवेशपत्र बिंदग्यात होते आणि परीक्षा त्याच रविवारी, नांदेडला. माझ्याकडे येण्याच्या निमित्ताने ती निघणार होती. हे सगळे तिने मला एकटीला सांगितले होते. प्रतिमा सापडल्याच्या आनंदात ती कुणाच्या घरातून उचलली, हे माझ्या ध्यानातही आले नाही. आजही यापेक्षा बरे कारण मला देता येत नाही.

गुरुवारी सकाळी तिचाच फोन आला. मागे भाकरी थापल्याचा आवाज, ओल्या पिठावरच्या तळहाताचा.

"अक्का, आजचा भाग लई भारी हाय म्हणं. जाहिरात दाखवायलेत. ती कागद घेऊन शिडी चढती. कुठं लपवती गं?"

"नंतर करते," एवढेच म्हणून मी फोन ठेवला आणि मुंबईला लावला.

"आता?" ती मुलगी हसली. "भाग कधीच तयार झाला. त्याच्या जागी दाखवायला दुसरं काही नाही, ताई. आणि इतका सुंदर सीन का बदलायचा?"

का ते मी सांगितले. ती "अरे बापरे," म्हणाली. पण भाग संध्याकाळी दिसणारच होता.

मग बहिणीला फोन केला. सांगताना मी सवयीने शब्द निवडत होते, आणि त्याची मला किळस आली. भाकरीचा आवाज थांबला. तव्यावरची भाकरी करपत असावी. तिने ती करपू दिली.

"अक्का, ते माझं बोलनं व्हतं." मग अगदी खाली आवाजात, "आत्याबाई माळ्याखालीच शेंगा निवडत बसल्यात. शिडी कशी लावू?"

दिवसभर तिचा फोन आला नाही. मी करायचा नव्हता. शेंगांचा ढीग किती असेल, तिची सासू दुपारी आडवी होत असेल का, एवढेच मी पुन्हा पुन्हा मोजत राहिले.

साडेसातला बहिणीचा फोन आला. चालू फोन तिने मांडीवर ठेवला असावा. आधी शीर्षकगीत आले. मग उदगीरकडच्या त्या ओसरीतून, परक्या गळ्यातून, माझ्या चालीवर तिचे वाक्य मला ऐकू आले.

"बया बया! बिंदग्यात?" सासू म्हणाली. "शाणी हाय की पोरगी."

"तुझ्या बिंदग्यात काय हाय बघ जा," सासऱ्यांनी चिडवले. "दागिने निघतेल."

"हाव, बघतेच. धर गं शिडी."

शिडी भिंतीला टेकली. पायऱ्या करकरल्या, एक, दोन, तीन. फडक्याची गाठ सोडवताना ती बाई धापा टाकत होती. मग हात आत गेला असावा, कारण माती घुमली, पोकळ.

"धूळ हाय नुसती," वरून आवाज आला. "येळवशीला धुवून घे गं."

"हाव, आत्याबाई," बहीण म्हणाली, आणि फोन बंद झाला.

रविवारी ती पहिल्या गाडीने आली. बसस्थानकावर तिच्या साडीला धुराचा आणि शेंगांच्या मातीचा वास होता. केंद्रापर्यंत रिक्षात ती समोर बघत होती.

"कुठं ठेवलं होतंस मग?" मी विचारले.

"तुला न्हाई सांगत, अक्का."

ती हसली नाही. चेष्टा असेल म्हणून मी थोडी वाट पाहिली.

फाटकाशी रांग होती. शिपाई प्रत्येकीचे प्रवेशपत्र बघून आत सोडत होता. तिची पाळी आली, तशी तिने माझ्याकडे पाहिले आणि थांबली. हात हलला नाही. मागची बाई म्हणाली, "चला की हो, बाई."

मग मला कळले, कागद कुठून निघतो ते मी बघायचे नव्हते. मी वळले आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्याकडे बघत उभी राहिले. मागे कागद उलगडल्याचा आवाज झाला.