मर्लचं टपाल

आमच्या गावच्या पोस्टात डल्सी हॅनिगन एकटीच काम करायची. आसपासच्या गव्हाच्या शेतांवरची सगळी माणसं तिला घरच्यासारखी ठाऊक होती.

एका तापलेल्या दुपारी मर्लचा नवरा क्लाइव्ह पेंगेली आत आला. "डल्सी, मर्ल बहिणीकडे पर्थला गेलीय. ती येईपर्यंत तिचं टपाल इथंच ठेव."

"कधी गेली रे?"

"काल."

"ठेवते की. पण ज्याचं टपाल त्याचीच सही लागते."

क्लाइव्ह तिने दिलेला कागद घेऊन बाहेर गेला आणि लगेच त्यावर मर्लची सही घेऊन परतला. शाई अजून ओली होती. डल्सीने खिडकीतून पाहिलं. त्याच्या गाडीत कुणीच नव्हतं.

तरी ती हसली. "झालं तुझं काम! जप बाबा, ऊन फार आहे."

गाडीची धूळ खाली बसायच्या आत तिने पोलिसांना फोन लावला. संध्याकाळी शेतातल्या कुलूपबंद पत्र्याच्या शेडमध्ये मर्ल सापडली. तहानेने जीभ सुजली होती, पण ती जिवंत होती.

क्लाइव्ह तुरुंगात आहे. मर्ल अजून त्याच घरात राहते; पण तिथल्या एकाही दाराला तिने कडी ठेवलेली नाही.