सुकटवाली मावशी

शाळा सुटली, परभणी सुटली, आणि मी महाडला कामाला आलो. शेजारी सुकट विकणारी मावशी राहते. बोलताना तिचा खराटा थांबत नाही.

माझं कुत्र्याचं पिल्लू स्वतःचीच घाण खायचं. “पुन्हा खाताना दिसलं तर घाटात सोडीन,” असं खोलीमालक म्हणाले होते. पिल्लाशिवाय इथं माझं कोणी नव्हतं. म्हणून मी ओरडत त्याच्यामागे धावायचो.

“ओरडू नको रे. धावलास की ते घाईनं गिळतं,” मावशी म्हणाली. चिमूटभर सुकट पुढं धरून तिनं हळूच हाक मारली, “ये रे.” तोंडातलं टाकून ते आलं. मग राख टाकून तिनंच घाण उचलली. “उद्यापासून त्याच्या आधी तू उठायचं. घाण दिसलीच नाय तर खाईल काय?”

आता पिल्लू सुधारलंय. मी कामावरून आलो की मावशी मलाही तसंच बोलावते, “ये रे, जेवला नसशील.” हातातलं टाकून मी जातो.